काय लिहायचं आणि काय बोलायचं

आम्ही काही जण वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकच काम करतो. एकमेकांशी दिवसभर बोलणं होतं, पण त्यातलं बहुतेक अंगठ्याने. फोन करायचा तो अगदी घोडं अडलं तरच. मेसेज वाढले तसं काम भराभर व्हायला हवं होतं, झालं उलटंच. एकच तारीख तिघांनी तीनदा विचारायची. "मी तर लिहिलं होतं" आणि "मी तर फोनवर सांगितलं होतं" ही दोन वाक्यं रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून यायची. शेवटी लिहायचं काय आणि बोलायचं काय याची नव्याने वाटणी करायला आम्ही बसलो. ती कशी केली, कुठे फसली, कोणत्या सेटिंगमुळे सावरली, ते इथे तपशिलाने मांडतो आहोत. यातलं बरंचसं घरातल्या बोलण्यालाही तसंच लागू पडतं.

सुरुवात सात दिवसांच्या नोंदीने केली. कागदावर चार रकाने आखले: विषय काय, मेसेज की फोन, उत्तर मिळेपर्यंत किती फेऱ्या, आणि नंतर तेच पुन्हा विचारावं लागलं का. एक प्रश्न आणि त्याचं उत्तर म्हणजे एक फेरी. विषय दोन-तीन शब्दांतच लिहायचा, मजकूर उतरवायचा नाही. खासगी बोलणं कागदावर येईल अशी धास्ती वाटली की लोक नोंदच करत नाहीत. ही नोंद रात्री आठवून करायला गेलं तरी फसते. मेसेज डोळ्यांसमोर असतात, फोनचं मात्र नाव, वेळ आणि मिनिटं एवढंच उरतं. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या ओळ लिहायची.

आठवडा संपल्यावर कागद पुढे घेतले तेव्हा "मेसेज की फोन" हा रकाना आधी झाकून ठेवला आणि शेवटचे दोन रकाने वाचले. ही युक्ती महत्त्वाची आहे, कारण प्रत्येकाचं आवडतं माध्यम ठरलेलं असतं आणि रकाना उघडा असला की चर्चा त्या आवडीवरच अडकते. फेऱ्या जास्त झालेल्या ओळींचा एक गठ्ठा झाला. त्यातल्या प्रश्नांची उत्तरं सरळ हो-नाहीत देता येण्यासारखी नव्हती, "ते असं असेल तर असं, नाहीतर तसं" अशी होती. दुसरा गठ्ठा पुन्हा विचाराव्या लागलेल्या ओळींचा: तारखा, आकडे, पत्ते, नावांची स्पेलिंगं. मग झाकलेला रकाना उघडला. पहिला गठ्ठा मेसेजवर चालला होता आणि दुसरा फोनवर. म्हणजे दोन्ही माध्यमं नीट चालत होती, फक्त एकमेकांची कामं करत होती.

त्यावरून वाटणी ठरली. जे नंतर पुन्हा पाहावं लागणार ते लिहायचं. ज्याला उलट प्रश्न येणार ते बोलायचं. आणि मेसेजच्या दोन फेऱ्यांत उलगडा झाला नाही, तर तिसरा मेसेज टाइप न करता फोन लावायचा. दोनच फेऱ्या का, तर पहिल्या फेरीत प्रश्न अर्धवट कळला असेल, दुसऱ्या फेरीत खुलासा होतो. त्यानंतरही गुंता राहिला तर बहुधा दोघं वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, आणि ते लेखी चटकन लक्षात येत नाही. बोलताना ते दहा सेकंदांत कळतं.

लिहिलेल्या शब्दात सूर नसतो हे सगळेच म्हणतात, पण खरी अडचण त्याच्या एक पाऊल पुढे आहे. लिहिणाऱ्याच्या कानात स्वतःचा सूर वाजत असतो, त्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू जातो आहे अशी त्याची खात्री असते. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या ईमेलवरच्या प्रयोगांत हेच दिसलं. आपलं म्हणणं गंभीर आहे की उपरोधाचं, हे वाचणाऱ्याला कळेल असा लिहिणाऱ्यांचा जो अंदाज होता, त्यापेक्षा ते बरंच कमी कळलं. शिवाय वाचणाऱ्यांनाही आपण बरोबर ओळखलं आहे असं वाटत होतं. दोन्ही बाजूंना खात्री असते, म्हणून कुणी विचारून घेत नाही.

मराठीत तर हा सूर फार काम करतो. "बरं" हा शब्द घ्या. आवाज खाली सोडला की होकार, लांबवला की शंका, तोडून टाकला की नाराजी. लिहिल्यावर तिन्ही सारखेच. "बघतो" म्हणजे करतो, की करणार नाही पण तोंडावर नाही म्हणवत नाही? "चालेल" म्हणजे आवडलं, की चालवून घेईन? हे शब्द आम्ही मेसेजमधून काढायला सांगितले आणि त्यांच्या जागी क्रियापद व वेळ लिहायला सांगितली: "आज 6 पर्यंत पाठवतो" किंवा "आज जमणार नाही, उद्या 11 ला पाठवतो". लिहून नकार देणं जड जातं, पण "बघतो"वर दोन दिवस थांबून राहिलेल्या माणसाला तो नकार पहिल्याच दिवशी हवा असतो.

"आपण"ने सर्वांत जास्त घोळ घातला. आपण म्हणजे तू आणि मी मिळून, आणि आपण म्हणजे आदरार्थी तुम्हीसुद्धा. "हे आपण बघून घेऊ" असं लिहिलं की सहा जण वाचतात आणि प्रत्येक जण उरलेल्या पाच जणांकडे बघतो. कामाच्या मेसेजमध्ये करणाऱ्याचं नाव हवंच, सर्वनाम नको. तसंच "परवा". हा शब्द मागे जातो आणि पुढेही जातो. क्रियापद सोबत असेल तर अर्थ लागतो, पण "परवाचं बिल" एवढंच लिहिलं तर लागत नाही. "येत्या रविवारी" आणि "पुढच्या रविवारी" यांत कुणाला फरक वाटतो, कुणाला वाटत नाही. "रात्री 12" ही आजच्या दिवसाची की उद्याच्या? म्हणून वार, तारीख आणि वेळ तिन्ही लिहायचं: "शनिवार, ता. 8, सकाळी 10". वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक लगेच उघडी पडते, हा त्यातला फायदा. नुसती तारीख चुकली तर ती तशीच पुढे जाते.

मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय अनेकांना असते. तिच्यात ल-ळ, न-ण, त-ट आणि ऱ्हस्व-दीर्घ हे फरक बहुधा पुसले जातात. काल, कळ आणि कल एकाच रूपात लिहिले जातात, सात आणि साठही फार वेगळे राहत नाहीत. ओळखीचा विषय असेल तर वाचणारा सावरून घेतो. नावं, आकडे आणि वस्तूंची यादी मात्र देवनागरीतच लिहायची, आणि आकडा नेहमी अंकांत.

बोलून टाइप करणाऱ्यांनी पाठवण्याआधी तीन गोष्टी वाचून पाहाव्यात: अंक, "नाही" आणि विशेषनामं. या चुका डोळ्यांना टोचत नाहीत, कारण चुकलेला शब्दही खरा शब्दच असतो. "नाही" गळलं तरी वाक्य ठणठणीत दिसतं आणि अर्थ नेमका उलटा होतो.

मेसेजच्या आकाराबद्दल थोडं. पहिल्याच ओळीत काय हवं आहे ते सांगायचं: "निर्णय हवा", "फक्त माहितीसाठी", "उद्या 5 पर्यंत उत्तर हवं". त्यानंतर मजकूर. एका मेसेजमध्ये एकच प्रश्न, कारण तीन प्रश्नांना एकच "हो" येतं आणि ते कशाला आलं हे विचारायला चौथा मेसेज लागतो. उत्तर देताना मूळ मेसेज उजवीकडे सरकवून त्याच्याखाली लिहायचं, म्हणजे मध्ये दुसरं बोलणं आलं तरी जोड तुटत नाही. नुसतं "आहेस का?" किंवा "एक विचारायचं होतं" एवढं पाठवून थांबणं आम्ही पूर्ण बंद केलं. समोरच्याच्या मनाला घोर लागतो, शिवाय त्याने उत्तर दिलं तेव्हा विचारणारा तिथे असेलच असं नाही. काय विचारायचं ते त्याच मेसेजमध्ये लिहायचं.

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज 15 मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. अक्षराची चूक सुधारायला ही सोय छान आहे, वेळ किंवा जागा बदलायला ती धोक्याची. दुरुस्ती केल्याची नवी सूचना समोरच्याला जात नाही. त्याने पहिला मजकूर वाचून फोन खिशात टाकला असेल तर त्याच्यासाठी जुनीच वेळ खरी. म्हणून बदल नव्या मेसेजमध्ये कळवायचा आणि सुरुवातीलाच लिहायचं: "बदल: 10 ऐवजी 11".

टिकांवरून तर रोज गैरसमज होतात. एक टिक म्हणजे मेसेज निघाला. दोन करड्या टिका म्हणजे समोरच्या फोनपर्यंत पोचला, पण फोन कुणी पाहिलाच असं नाही. निळ्या झाल्या म्हणजे ते संभाषण उघडलं गेलं. वाचून समजलं आणि पटलं, यातलं काही टिक सांगत नाही. उलट वरच्या सूचनेत सगळा मजकूर वाचूनही टिक करडीच राहू शकते. वाचल्याची खूण कुणी बंद ठेवली असेल तर एकास-एक मेसेजमध्ये ती निळी होतच नाही. ग्रुपमध्ये ती सगळ्यांनी वाचल्यावरच निळी होते, आणि कोणी वाचलं हे मेसेजवर बोट दाबून माहितीत पाहता येतं. ज्या मेसेजवर कुणाचं येणं-जाणं किंवा पैसे अवलंबून आहेत, त्याची पोच शब्दांत मागायची. "ओके" ही पोच मोजायची नाही. "शनिवार 10 वाजता, चावी मी आणतो" असं त्याच्या शब्दांत परत आलं की ती पोच.

इंटरनेट नसेल तिथे साधा एसएमएस अजून उपयोगाचा आहे, पण त्याची घडण माहीत हवी. पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 रोजी नील पॅपवर्थ या अभियंत्याने संगणकावरून पाठवला, त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. एका एसएमएसमध्ये 140 बाइट मावतात, आणि एक बाइट म्हणजे 8 बिट. इंग्रजी अक्षराला 7 बिट लागतात म्हणून 160 अक्षरं बसतात. देवनागरीला 16 बिट लागतात म्हणून 70. लांब मजकूर अनेक तुकड्यांत गेला की जोडणीची माहितीही त्यातच भरावी लागते, आणि प्रत्येक तुकड्यात देवनागरीची 67च उरतात. इथे मोजणी कागदावरच्या अक्षरांची होत नाही: काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं सुटं मोजलं जातं. "क्षितिज" डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, मोजताना सात होतात. "उद्या सकाळी दहा वाजता भेटू" यात मोकळ्या जागांसह 26 खर्ची पडतात. इंग्रजी मजकुरात एक देवनागरी अक्षर किंवा एक इमोजी आला तरी साधारणपणे सगळा मेसेज 70च्या मापाने मोजला जातो. तुकडे वेगवेगळे प्रवास करतात, क्वचित एखादा मागे राहतो. म्हणून जागा, वार आणि वेळ पहिल्या 70मध्येच बसवायची आणि "नमस्कार, कसे आहात" पुढे न्यायचं.

आता फोनकडे. फोनची मोठी तक्रार ही की तो समोरच्याची वेळ न विचारता वाजतो. त्यावर उपाय म्हणून आधी एक मेसेज ठेवला, त्यात तीन गोष्टी: विषय, किती मिनिटं, कोणत्या वेळात. "छपाईच्या कागदाबद्दल बोलायचंय, 10 मिनिटं, 4 ते 6 मध्ये कधी?" विषय लिहायचा राहिला तर समोरचा उगाच काळजी करत बसतो. मिनिटं लिहायची राहिली तर तो मोकळा वेळ शोधत दिवस घालवतो.

तातडीच्या फोनला हे लागू नाही. तिथे थेट फोन, उचलला नाही तर लगेच दुसरा. त्यामागे एक सेटिंग आहे. आयफोनवर "डू नॉट डिस्टर्ब" चालू असताना एकाच नंबरवरून तीन मिनिटांत दुसरा फोन आला तर तो वाजू देण्याची सोय आहे, अँड्रॉइडवर हीच मुदत 15 मिनिटांची असते. ती सोय चालू आहे का हे प्रत्येकाने आपल्या फोनवर पाहायचं, आणि घरातल्या वयस्करांच्या फोनवर आपण बसून पाहायचं. पाहून झाल्यावर एकदा करून बघायचं: फोनवर "डू नॉट डिस्टर्ब" चालू करायचं आणि दुसऱ्या फोनवरून लागोपाठ दोनदा लावायचा. तातडीचा फोन ॲपवरून न करता साधाच करायचा, कारण इंटरनेट बंद असलं तरी तो जातो. ही पद्धत मोडते ती एकाच कारणाने. कुणीतरी सवयीने साध्या कामालाही दोनदा फोन लावतं, मग दोन फोनचा अर्थच राहत नाही. आमच्यात हे दुसऱ्याच आठवड्यात सुरू झालं. तेव्हा तातडी म्हणजे काय हेही लिहून काढावं लागलं: कुणाची तब्येत, कुणी वाटेत अडकलं आहे, किंवा तासाभरात हातातून जाणारी गोष्ट. याबाहेरचं काही तातडीचं नाही.

फोनवर आकडे चुकतात, आणि त्याला ठोस कारण आहे. साध्या फोनची वाहिनी 300 ते 3400 हर्ट्झ एवढीच कंपनसंख्या पुढे नेते. "स", "श" यांच्या आवाजाचा मोठा भाग त्याच्या वर असतो. त्यामुळे गोंगाटात "साठ"चा स गळून "आठ" उरतो, आणि "सात" व "साठ" हे तर चांगल्या लाइनवरही गोंधळ घालतात. एचडी व्हॉइसमध्ये, म्हणजे जास्त स्पष्ट आवाजाच्या कॉलमध्ये, हीच वाहिनी साधारण 50 ते 7000 हर्ट्झपर्यंत रुंदावते, पण दोन्ही फोन आणि मधलं जाळं तिन्हींनी साथ दिली तरच. त्यातून मराठी संख्या मुळातच जवळजवळच्या: एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. म्हणून आकडा दोनदा आणि दोन प्रकारे सांगायचा: "एकोणसत्तर, म्हणजे सहा-नऊ". ऐकणाऱ्याने तो परत म्हणायचा, आणि फोन संपल्यावर तो लिहूनही जातोच. अडीच, पावणेतीन, सव्वातीन या वेळा बोलताना गोड वाटतात, लिहिताना मात्र 2:30, 2:45, 3:15.

दोघं एकदम बोलायला लागतात, मग दोघं एकदम थांबतात, याचा दोष बोलणाऱ्यांना देऊ नये. दहा भाषांच्या संभाषणांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामधलं अंतर सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास, म्हणजे 200 मिलिसेकंद आढळलं. आता फोनच्या जाळ्याचा हिशेब पाहा. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीप्रमाणे आवाज एका दिशेने पोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंत लागले तर संभाषण सुरळीत चालतं, 400 हे टोक. म्हणजे जाळ्यातला उशीर माणसाच्या नैसर्गिक अंतराएवढा किंवा त्याहून मोठा होऊ शकतो. "हा थांबला, आता मी" असं वाटतं तोपर्यंत त्याचं पुढचं वाक्य वाटेत असतं. ब्लूटूथ हेडफोन त्यात आणखी भर घालतो. उपाय साधे आहेत: तार असलेला हेडफोन लावायचा किंवा फोन थेट कानाला, आपलं बोलणं संपलं की प्रश्नाने किंवा समोरच्याच्या नावाने संपवायचं, आणि सेकंदभर थांबून मगच बोलायचं.

"हं… हं" करत ऐकायची आपली रीत आहे. दोघांच्या फोनवर ती हवीच, कारण नुसती शांतता आली की "ऐकतेयस ना?" असं विचारावंच लागतं. स्पीकरवर किंवा चार जणांच्या कॉलवर मात्र तीच रीत घात करते. प्रतिध्वनी रोखणारी यंत्रणा एका बाजूचा आवाज आल्यावर दुसरीकडचा दाबते, आणि आपल्या "हं"खाली बोलणाऱ्याचा शब्द जातो. तिथे माइक बंद ठेवून ऐकायचं. स्पीकरवर आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटत असेल तर आधी फोन धरलाय कसा ते पाहावं. खालच्या कडेचा माइक बोटाखाली गेलेला असतो. अनेक फोनना भोवतालचा गोंगाट ओळखायला वर किंवा मागे दुसरा माइक असतो, तो कव्हरने झाकला तरी आवाज बिघडतो.

आमच्या सगळ्या खटाटोपातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे फोननंतरच्या तीन ओळी. "ठरलं: …", "कोण, कधीपर्यंत: …", "राहिलं: …". ज्याने फोन लावला त्याने लिहायच्या, दहा मिनिटांच्या आत, आणि पुढचा फोन लावण्याआधी. दुसऱ्याने वाचून चूक असेल तर सुधारायची, नसेल तर तसं लिहायचं. पहिले काही दिवस या ओळी फसल्या, कारण लिहिणारा ठरलेलं लिहिण्याऐवजी आपण काय म्हणालो ते लिहायचा. तिसरी ओळ सक्तीची केल्यावर हे सुटलं. काही राहिलं नसेल तर "राहिलं: काही नाही" असं लिहायचंच. ते लिहिताना माणूस थबकतो आणि खरंच सगळं ठरलं का, हे मनाशी तपासतो. पुष्कळदा तिथेच आठवतं की पैसे कोणी भरायचे हे बोललोच नाही. यासाठी फोन रेकॉर्ड करायची गरज पडत नाही. रेकॉर्डिंग समोरच्याच्या परवानगीविना करूही नये, आणि चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग नंतर कुणी ऐकत नाही.

व्हॉइस मेसेजवर आमच्यात मतभेद होते आणि थोडे आहेतही. तो फोनसारखा ऐकू येतो, पण मध्ये विचारता येत नाही. मेसेजसारखा साठून राहतो, पण नजर फिरवून त्यातलं हवं ते सापडत नाही. ज्यांना टाइप करणं जड जातं, ज्यांचे हात कामात असतात, त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे, तेव्हा बंद करायचा प्रश्नच नव्हता. चौकट अशी घातली: एक मिनिटाच्या आत, पहिल्या वाक्यात विषय, आणि आकडे, तारखा, पत्ते त्यात नाहीत, ते खाली लिहून. माइकचं बटण वर सरकवलं की कुलूप लागतं आणि बोट धरून ठेवावं लागत नाही. पाठवण्याआधी एकदा ऐकून घेता येतं, वाऱ्याचा आवाज तेवढ्यात कळतो. कामाचा मेसेज दीडपट वेगाने ऐकायला हरकत नाही. आईचा किंवा जुन्या मित्राचा मात्र तसा ऐकू नये. त्यांनी मध्ये घेतलेला श्वास हाही निरोपाचा भाग असतो.

ही वाटणी सगळ्यांना एकाच मापाने लावू नये, हे आम्हाला उशिरा सुचलं. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांना "फोनच करा" हा नियम बाहेर ढकलतो. त्यांच्यासाठी अवघड बोलणंही लिहूनच, फक्त दोघं एकाच वेळी फोन हातात घेऊन बसले आहेत असं ठरवून, म्हणजे फेऱ्या लवकर होतात. जे अडखळत बोलतात त्यांना फोनवर "हं, पुढे?" म्हणून घाई करू नये, आणि त्यांचं वाक्य आपण पुरं करू नये. ज्यांना दिसत नाही किंवा अंधूक दिसतं त्यांचा फोन मजकूर वाचून दाखवतो. वाक्याच्या मध्ये इमोजी पेरले की तो प्रत्येकाचं नाव वाचत जातो आणि वाक्य तुटतं, म्हणून इमोजी शेवटी आणि एखादाच. सूचनेचं नुसतं छायाचित्र पाठवलं तर त्यातली अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचतीलच असं नाही, तोच मजकूर खाली टाइप करायचा.

फोन टाळणाऱ्यांची अडचण वेगळी. "त्याला अवघड वाटेल, बोलायला काही सुचणार नाही" अशी धाकधूक असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना जुन्या मित्राशी फोनवर किंवा ईमेलने संपर्क करायला सांगितलं होतं. फोन अवघड जाईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो ईमेलपेक्षा अवघड गेला नाही, जवळीक मात्र जास्त वाटली. आम्ही अशांना पहिला फोन छोटा आणि ठरीव करायला सांगतो: कागदावर तीन मुद्दे, दहा मिनिटं, आणि शेवटचं वाक्य आधीच लिहिलेलं, "बाकीचं मी लिहून पाठवते". फोन संपवायचा कसा हे माहीत असलं की सुरू करणं सोपं जातं.

राग आला असताना काय करायचं याचाही नियम केला: मेसेज नाही आणि लगेच फोनही नाही. लिहायचंच असेल तर टिपणवहीत, जिथे पाठवायचं बटण नसतं. चुकून गेलेला मेसेज व्हॉट्सॲपवर साधारण अडीच दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी पुसता येतो, पण पुसल्याची खूण मागे राहते, आणि काय होतं याची कल्पना समोरचा मूळ मजकुरापेक्षा वाईट करतो. दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि पहिलं वाक्य प्रश्नाचं ठेवायचं.

वाईट बातमीचा क्रम आम्ही सर्वांत शेवटी ठरवला, कारण त्यावर बोलणंच सगळे टाळत होते. कुणी गेलं, कुणाचं काही गंभीर निघालं, तर आधी फोन, तोही जवळच्या माणसांना एकेकट्याने. ग्रुपवर त्यानंतर. क्रम चुकला तर सख्ख्या माणसाला ती बातमी दुसऱ्याच कुणाच्या शोकसंदेशातून कळते. फोन उचलल्यावर आधी विचारायचं: "कुठे आहेस? बसला आहेस का? गाडी चालवत नाहीस ना?" चालवत असेल तर "गाडी बाजूला घेऊन मला फोन कर" एवढंच सांगायचं आणि थांबायचं. मग बातमी पहिल्याच वाक्यात, स्पष्ट शब्दांत. "जरा बरं नाहीये" अशी फिरवाफिरव केली की समोरचा आशेने प्रश्न विचारत राहतो. त्यानंतर गप्प राहायचं. फोनवरची शांतता लांब वाटते, ती भरायला जाऊ नये. फोन आपण आधी ठेवायचा नाही. आणि पाचएक मिनिटांनी एक मेसेज, त्यात फक्त पत्ता, वेळ, तिथे असलेल्या एका माणसाचा नंबर. फोनवर हे सगळं सांगितलेलं असतं, पण त्या अवस्थेत ऐकलेला पत्ता कुणाच्या लक्षात राहत नाही.